डाग

रात्रीचा दीड. अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
खाली बारा माग चालू, वर माळ्यावर मी
आणि पडद्यावर एक मोर,
सरकवला की मानेपाशी तुटून
दोन बोटं डावीकडे जाणारा.
टॉवेलावरचा मोर. सकाळी नऊला नमुना हवा.
"मोर फाटलाय की," शेठ म्हणाले,
चहा संपवला आणि घरी गेले.

मोर फाटला नाही, शेठ.
फाईलमध्ये तो धड आहे, टाका न् टाका.
लंगडा आहे तो ड्रायव्हर,
लोकांनी पदरचा वेळ घालून
कार्डावर बाहेरून टकटक करत
अंदाजानं लिहिलेला. उघडा.
त्याची ओळ न् ओळ मला वाचता येते.
मी वाचलेली नाही.

कंपनीचा वेगळा. तो झाकलेला.

त्याला बोलावलं.
हेडर्स उतरवले, काळ्या खिडकीत हुकूम दिला,
टक्के चढत गेले, एकसष्ट, बासष्ट,
आणि लाईट गेली.
बारा माग एकदम गप्प झाले की कानात जे उरतं
त्याला आमच्यात नाव नाही.
सत्तय्या अंधारातून ओरडला, "अयिंदा?"
कुठलं होतंय.

लाईट आली, पडदा आला नाही.
कोपऱ्यात एक रेघ तेवढी उघडझाप करत राहिली.
मग मागच्या दारानं आत शिरले,
कंट्रोल, ऑल्ट, एफ तीन,
अर्धवट बसलेलं सगळं खरवडून काढलं,
बायोसमधलं कुलूप काढलं,
पुन्हा बसवलं, पुन्हा सुरू केलं.
असं तीनदा.
तिसऱ्या वेळेआधी कडक भाकरी मोडून
शेंगाचटणीत दही कालवून खाल्लं,
कीबोर्डवर चुरा सांडला.

आणि लॉगमध्ये ती ओळ दिसली, इंग्रजीत, साधीच:
हे बाहेरचं आहे,
कर्नलला डाग लागला.
एवढंच. कर्नल थांबला नाही, भांडला नाही,
नोंद करून पुढच्या कामाला लागला.

बालय्या मास्तर लाल टाकीत
शेवटची पुडी सोडताना सगळ्यांना बाहेर काढायचे.
अप्पा अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली,
तेही बाहेर, दाराशी, विडी न पेटवता.
तो लाल कधी उतरला नाही.
मास्तर गेले, पुडी गेली.
आताचा लाल बरा आहे,
शेजारच्या पांढऱ्याला थोडा लागतो.
अप्पांच्या वहीत त्या वर्षांतल्या
प्रत्येक लॉटपुढं एकच वाक्य आहे,
शिसपेन्सिलीनं, जरा दाबून:
लाल मास्तरांचा. कृती ठाऊक नाही.
लहानपणी मला ते रुसल्यासारखं वाटायचं.

चाचणी लावली. तीन दातेरी चाकं,
लाल, हिरवं, निळं, एकमेकांत अडकून
फिरायला लागली, न अडखळता.
सत्तय्या वर आला, टॉवेलनं मान पुसत बघत राहिला.
"हे कुठल्या मागाचं?"
कुठल्याच नाही. नुसतं फिरतं.
"मग तयार काय होतंय?"
आकडा, म्हटलं. सेकंदाला किती वेळा फिरलं त्याचा.
त्यानं ते जरा तोलून पाहिलं.
"तेल तर लागत नाही ना," म्हणाला
आणि तुटलेला धागा जोडायला खाली गेला.

मग मोर उघडला.
डावीकडे ओढला, उजवीकडे, जोरात, वर, खाली.
मान जागच्या जागी.
तुऱ्यातला एक टाका चुकलेला होता, माझाच,
इतके दिवस त्या फाटण्यात लपलेला.
तो दुरुस्त केला.

पडद्याच्या कडेला चौकट आली:
नवा कर्नल आला आहे, आता घेणार?
नाही.
स्विचबोर्डाच्या बाजूला, चुन्यावर,
जिथं दूधवाल्याचा हिशोब आहे त्याच्या खाली
तारीख टाकली, ड्रायव्हरचा आकडा टाकला,
आणि लिहिलं:
आत काय आहे ठाऊक नाही.
मोर धड.